हातात किती पडतात

"रॉक्सी, तुझं दोनचं गिऱ्हाईक येत नाहीये," काउंटरवरच्या मुलीने पडद्यातून डोकं आत घातलं. "आत्ताच फोन आला. गाडी सुरू होत नाही म्हणे."

"आणि तीनचं?"

"तीनला कोणी नव्हतंच. एकदम साडेचारला आहे एक."

रॉक्सॅन मायेव्स्कीने तेल गरम करायचं यंत्र बंद केलं आणि मसाजच्या टेबलावर नुकतीच अंथरलेली चादर पुन्हा घडी केली. इथे पैसे मिळायचे ते हात माणसाच्या अंगावर असतील तेवढ्याच वेळाचे. गिऱ्हाईक आलं नाही तर तो तास कोरडा, पण तरी टॉवेलांच्या घड्या घालायच्या आणि हसतमुख राहायचं. ती घड्या घालायला बसली. चार टॉवेल झाले आणि उठली. खिडकीपाशी गेली, परत आली. हाताला काम नसलं की तिची बोटं आपोआप एकमेकांना चोळत राहायची, आणि अलीकडे उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायचं तेही अशा रिकाम्या वेळीच जास्त.

फोन वाजून थांबला होता. मिस व्हर्नाचा निरोप होता. सकाळपासूनचा तिसरा.

"रॉक्सी, संध्याकाळचं विसरू नकोस हं. सातला. तो निळा शर्ट घाल, त्यात तू एखाद्या दवाखान्यातली वाटतेस. आणि अगं, तुझी भाची येणार आहे, नाव दिलंय तिने. किती छान योग!"

रॉक्सॅनने फोन पालथा ठेवला, मग उचलला, मग कोट अंगावर चढवून काउंटरवर सांगितलं, "साडेचारच्या आत येते मी."

व्हर्ना हॅस्केल सरोवराकाठच्या एरी शहरात, बुटांच्या एका जुन्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मसाजची शाळा चालवायची. सात वर्षांपूर्वी रॉक्सॅन तिथेच शिकली होती. त्याआधी ती प्लास्टिकच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं बनवायच्या मशीनवर होती. मशीन उघडायचं, झाकणं पडायची, मशीन मिटायचं. एकतिसाव्या वर्षी एका सकाळी तिला वाटलं की आपण या मशीनसमोरच म्हाताऱ्या होणार, आणि त्याच आठवड्यात तिने व्हर्नाच्या शाळेत जाऊन पंधरा हजार डॉलरच्या सरकारी कर्जावर सही केली. नऊ-दहा महिन्यांत शिक्षण झालं, परवाना मिळाला. हात चांगला होता तिचा. व्हर्ना इतर मुलींना तिच्या टेबलापाशी बोलावून म्हणायची, "बघा, ही घाई करत नाही."

आता व्हर्नाची शाळा अडचणीत होती. शिकून बाहेर पडलेली मुलं नुसतं हायस्कूल संपवलेल्या माणसाइतकंही कमवत नसतील, तर त्या अभ्यासक्रमाला पुढे सरकारी कर्ज द्यायचं नाही, असा नियम येऊ घातला होता. व्हर्नाच्या मुलींच्या कमाईचा आकडा कुणीही बघावा असा जाहीर झाला होता, आणि तो वाईट होता. म्हणून आज संध्याकाळी नव्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना बोलावून, शिकून गेलेली एक यशस्वी मुलगी त्यांच्यासमोर उभी करायची होती.

यशस्वी मुलगी गाडी काढून चर्चच्या मागच्या आवारात गेली. ईस्टरआधीचे, मांस वर्ज्य असलेले उपासाचे शुक्रवार चालू होते. संध्याकाळी तळलेल्या मासळीचं जेवण असायचं, आणि तिची मोठी बहीण कोलेट तळघरातल्या स्वयंपाकघरात दुपारपासून राबत असायची. लांब टेबलाशी उभी राहून ती बटाट्याचं सारण भरलेल्या पिएरोगींच्या, म्हणजे पोलिश करंज्यांच्या, कडा दाबत होती.

"हात धू आणि लाग कामाला," कोलेट वर न बघता म्हणाली. "मला माहितीये तू का आलीस."

"का आलेय?"

"ती म्हातारी तुला नाचवणार आहे आज. डेलनीने सांगितलं मला. 'मावशी बोलणार आहे, तू पण चल.' मी म्हटलं, मला मासे तळायचेत."

रॉक्सॅनने हात धुतले. पिठाची एक चकती घेऊन तिच्यावर सारण ठेवलं. कडा दाबताना अंगठा कळवळला, तो तिने बाजूला घेऊन तर्जनीने काम चालवलं.

"डेलनी गोदामात नीट कमावतेय," कोलेट म्हणाली. "खोकी भरते, चिकटपट्टी लावते, शुक्रवारी पैसे खात्यात. विमा आहे. आणि आता म्हणे ते सोडून कर्ज काढणार. का? तर मावशीसारखं व्हायचंय."

"मी सांगितलं नव्हतं तिला हे कर म्हणून."

"नको करू म्हणून तरी कधी सांगितलंस? ती विचारते तेव्हा तू काय म्हणतेस? 'मस्त चाललंय, डेल.' नाताळला तिला ते चामड्याचे बूट. कार्डावर घेतले होतेस ना? तुझे तुला हप्ते भरता येत नाहीत, आणि..."

"कोलेट, हळू बोल." टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तीन बायका कोबी चिरत होत्या आणि अजिबात ऐकत नसल्यासारखं दाखवत होत्या.

"मी हळूच बोलतेय. आज तू तिथे उभी राहून गोड बोललीस ना, तर ती उद्या सही करेल. बास. मग तिचे हप्ते तू भर."

रॉक्सॅनने आणखी दोन पिएरोगी वळल्या. दोन्ही उकलल्या. कोलेटने न बोलता त्या ओढून घेतल्या आणि पुन्हा दाबल्या.

साडेचारचं गिऱ्हाईक आलं. बंदरावरच्या क्रेनवरून निवृत्त झालेला म्हातारा होता, नेहमीचा. तो पालथा पडून बायकोच्या गमती सांगायचा आणि मध्येच गप्प व्हायचा. ती गेल्याला दोन वर्षं झाली होती. त्याच्या खांद्याच्या पात्याखाली बोटं सरकवत असताना रॉक्सॅनच्या डोक्यातला दिवसभरचा गलबला थोडा वेळ थांबला. उठल्यावर त्याने टेबलावर दहाची नोट ठेवली. तिने ती खिशात घातली. ही नोट ती कमाईच्या हिशोबात कुठेही लिहिणार नव्हती. कोणीच लिहीत नसे.

यावरून व्हर्ना चिडायची. शाळेच्या जिन्यातच तिने रॉक्सॅनचा दंड धरला. सत्तरीला आलेली बाई, पण पकड अजून घट्ट होती.

"आकड्यांबद्दल कोणी विचारलं तर घाबरायचं नाही. सांगायचं, सरकारचा आकडा खोटा आहे म्हणून. तुम्ही मुली टिप्स दाखवत नाही आणि बदनाम होते माझी शाळा."

"मिस व्हर्ना, सगळ्या टिप्स धरल्या तरी..."

"तरी काय?"

"तरी फार होत नाहीत."

"फार कुणाचेच होत नाहीत, बाळ," व्हर्ना म्हणाली आणि तिच्या शर्टाची कॉलर सारखी केली. "तू फक्त तुझं काम कसं आहे ते सांग. ते तू छान सांगतेस."

वरच्या मोठ्या खोलीत मसाजची टेबलं भिंतीला लावून मध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. एका ताटात चॉकलेट लावलेली स्पंज कँडी ठेवली होती, कॉफी होती. दहा-बारा माणसं आली होती. डेलनी पुढच्याच रांगेत बसली होती, गोदामाचा बिल्ला अजून गळ्यात, पायात ते चामड्याचे बूट. मावशीला बघून तिने दोन्ही अंगठे वर केले.

रॉक्सॅन बोलायला उभी राहिली आणि सुरुवात तर बरी झाली. पहिल्या वर्षी एक बाई आली होती, मान वळायचीच नाही, ते तिने सांगितलं. लोक आधी श्वास धरून ठेवतात आणि मग एका क्षणी सोडतात, तो कळतो हाताला, हेही सांगितलं. मागे भिंतीशी उभी असलेली व्हर्ना मान डोलावत होती. डेलनी ऐकताना पुढे वाकली होती, लहानपणी गोष्ट ऐकताना वाकायची तशी.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या एका बापाने हात वर केला. नळकाम करणारा असावा, जॅकेटवर तसं चित्र होतं. शेजारी त्याची मुलगी मान खाली घालून बसली होती.

"बाई, राग मानू नका. मला मसाजमधलं काही कळत नाही. मी एवढंच विचारतो, महिन्याला हातात किती पडतात?"

"ते ज्याच्या त्याच्यावर अवलंबून आहे," व्हर्ना मागून पटकन म्हणाली. "कुठे काम करता, किती तास करता..."

"मी यांना विचारलं," तो शांतपणे म्हणाला.

रॉक्सॅनने व्हर्नाकडे बघितलं. मग डेलनीकडे. डेलनी हसत होती. तिला उत्तराची खात्री होती.

"पगाराचे पंधराशे," रॉक्सॅन म्हणाली. "टिप्स धरून दोन हजारांच्या आतबाहेर. महिना चांगला गेला तर."

"आठवड्याचे तास किती?"

"हात चालतो ते चोवीस-पंचवीस. त्यापेक्षा जास्त हात देत नाही. बाकी वेळ वाट बघण्यात जातो, त्याचे मिळत नाहीत."

"आणि कर्ज घेतलं होतं?"

"पंधरा हजार."

"फिटलं?"

"सात वर्षं झाली. अजून तेरा हजार राहिलेत."

मागे कोणीतरी हसलं. त्याला वाटलं, गंमत चाललीय. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो कॉफीच्या कपात बघायला लागला. नळकामवाल्याच्या मुलीने पहिल्यांदाच मान वर केली.

"मग तुम्ही हे अजून का करता?" तिने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

रॉक्सॅनने अंगठ्याचं मूळ चोळलं.

"हे मला येतं," ती म्हणाली.

मुलीने मान हलवली, पण तिला ते पुरलं नाही हे दिसत होतं. डेलनी उठली. तिने कोट उचलला, रांगेतल्या लोकांच्या गुडघ्यांना अडखळत बाहेर पडली आणि जिन्यावरून तिच्या बुटांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

रॉक्सॅन धावत खाली गेली. डेलनी गाडीच्या काचेवरचं बर्फ नुसत्या हाताने खरवडत होती.

"आईने पढवलं ना तुला?"

"नाही गं."

"खोटं. आज दुपारी तू चर्चमध्ये होतीस, मला कळलंय. दोघींनी मिळून ठरवलंत."

"डेल, त्याने विचारलं आणि मी सांगितलं."

"त्याने!" डेलनी वळली. "तो कोण लागतो तुझा? मी पण विचारलं होतं. किती वेळा विचारलं! गाडीत, तुझ्या घरी, माझ्या वाढदिवसाला. मला म्हणालीस, मस्त चाललंय. मी गोदामात सगळ्यांना सांगत फिरते, माझी मावशी अशी, माझी मावशी तशी. आणि मला... मला तर तुझ्यापेक्षा जास्त मिळतात, मावशी. खोकी भरून."

"हो."

"म्हणजे तुला माहीत होतं."

रॉक्सॅनने काचेवरचं बर्फ काढायला हात पुढे केला. डेलनीने तो बाजूला सारला, गाडीत बसली आणि अर्ध्याच स्वच्छ काचेतून बघत निघून गेली.

रॉक्सॅन वर आली तेव्हा खोली रिकामी झाली होती. व्हर्ना एकटीच खुर्च्या मिटत होती. रॉक्सॅननेही दुसऱ्या टोकाकडून मिटायला सुरुवात केली.

"रागावलात?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"रागावलेय." व्हर्नाने एक खुर्ची भिंतीला टेकवली. "टिप्ससुद्धा सांगितल्यास. मला वाटलं होतं, तेवढ्या तरी मागे ठेवशील, म्हणजे मला म्हणता येईल की वर आणखी असतात."

रॉक्सॅनला हसू आलं आणि त्याचीच लाज वाटली.

"कोणी अर्ज नेला?"

"एकीने नेला. भरेल असं वाटत नाही." व्हर्ना खाली बसली, उरलेल्या एका खुर्चीवर. "मी ही शाळा काढली तेव्हा फी चारशे डॉलर होती, रॉक्सी. मुली आठवड्याला वीस-वीस आणून द्यायच्या, चुरगळलेल्या नोटा. मग शाळेला मान्यता मिळाली, कर्ज मिळायला लागलं. भाडं वाढलं, विमा वाढला, मीही फी वाढवली. दर वर्षी थोडी. मला वाटायचं, मुलींच्या खिशातून कुठे जातंय, सरकारकडून येतंय." तिने कँडीच्या ताटाकडे बघितलं. "हे घरी घेऊन जा. मला गोड चालत नाही."

"माझं शिक्षण वाईट झालं असं मी म्हटलं नाही, मिस व्हर्ना."

"माहितीये मला. तू काय म्हणालीस ते मी ऐकलंय."

त्या वर्षी शाळेची नवी तुकडी सुरू झालीच नाही. उन्हाळ्यात व्हर्नाने टेबलं विकली आणि ती ओहायोत बहिणीकडे राहायला गेली. जायच्या आधी तिने रॉक्सॅनला फोन केला होता, पण रॉक्सॅनचे हात तेव्हा कोणाच्या तरी पाठीवर होते. नंतर तिने उलट फोन लावला तर नंबर बंद. खालच्या बुटांच्या दुकानाच्या जागेत गाद्यांचा सेल लागला. रॉक्सॅन त्या रस्त्याने जायचं टाळू लागली, आणि मग एकदा विसरून गेली तेव्हा वरच्या खिडक्यांना कागद लावलेले दिसले.

तिचे स्वतःचे दिवस तसेच चालू होते. संध्याकाळी ती अंगठा बर्फात धरायची आणि टीव्ही चालू-बंद करत राहायची. कारखान्यात पुन्हा माणसं घेतायत असं कळलं तेव्हा ती अर्ज करायला गेली, फाटकापर्यंत गेली, गाडीत बसून राहिली. पाळी सुटली, ओळखीच्या दोघी-तिघी बाहेर आल्या. त्यांना हात करून ती परत फिरली.

डेलनी बोलत नव्हती. ईस्टरला ती आली नाही, चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या जेवणाला, आली आणि मावशी आल्यावर मागच्या अंगणात निघून गेली. मग शरदात एक दिवस कोलेटचा फोन आला. ती तारस्वरात होती.

"झालं समाधान? सोडलं तिने गोदाम!"

"कर्ज काढलं?" रॉक्सॅनने विचारलं.

"कर्ज नाही. त्या सेंट हेडविग वृद्धाश्रमात लागलीय. त्यांनीच शिकवलं, फुकट. म्हाताऱ्यांना आंघोळी घालते, उचलून बसवते. गोदामापेक्षा तासाला दीड डॉलर कमी! मी म्हटलं, अगं, का? तर म्हणते, खोक्यांना हात लावून कंटाळा आला. हे तुझंच. हे माझ्याकडून आलेलं नाही."

फोन ठेवल्यावर रॉक्सॅन बराच वेळ घरभर फिरत राहिली. डेलनीला फोन करावा असं तिच्या मनात येत होतं, पण काय म्हणायचं ते ठरत नव्हतं.

नोव्हेंबरात सरोवरावरून पहिलं मोठं बर्फ आलं. त्या दुपारी एका किराणा दुकानाच्या आवारात रॉक्सॅन गाडीत बसून सँडविच खात होती. फोन वाजला आणि पडद्यावर डेलनीचं नाव आलं. तिने घाईने हात पुसला.

"मावशी, लवकर सांग, इथे फोन वापरलेला चालत नाही." मागे कुठेतरी घंटी वाजत होती. "माझ्याकडे एक आजी आहेत. पक्षाघात झालाय. डावी मूठ अशी घट्ट मिटलीय की उघडतच नाही. आतून वास येतोय. धुवायचाय हात. मी बोटं ओढली तर ओरडतात."

"ओढू नकोस. बोटांना हातच लावू नकोस आधी." रॉक्सॅनने सँडविच बाजूला ठेवलं. "तुझे हात गार आहेत का?"

"आहेत."

"कोमट पाण्यात धर. पाणी आहे तिथे?"

"तसराळं भरून आणलंय. फोन स्पीकरवर टाकते हं." पाण्याचा आवाज आला. "हं."

"आता कोपराखाली उशी दे. एका हाताने मनगट धर, खालून. आवळायचं नाही, नुसता आधार द्यायचा. दिलास? आता मनगट हळूच आतल्या बाजूला वाकव, तळव्याकडे. थोडंच. त्या काही म्हणाल्या तर थांब."

रॉक्सॅनने आपली डावी मूठ मिटली होती आणि उजव्या हाताने आपलंच मनगट वाकवत होती. समोरच्या काचेवर बर्फ साचत चाललं होतं.

"मावशी, बोटं सैल पडली!"

"पडणारच. पण खूश होऊन ओढू नकोस. आता अंगठा. टोकाला धरायचा नाही, मुळाशी धर, जिथे मांसल असतं तिथे, आणि बाहेर काढ. घाई करू नकोस."

बराच वेळ फक्त कुणाचा तरी धापा टाकल्यासारखा श्वास येत राहिला. मग तो श्वास एकदा खोल गेला आणि सुटला. रॉक्सॅनला तो फोनमधूनही कळला.

"उघडली," डेलनी हळू आवाजात म्हणाली. "अगं, नखं रुतलीत आत. तळव्यावर वण आहेत."

"नर्सला दाखव नंतर, विसरू नकोस. आत्ता पाण्यात सोड हात. साबण अगदी थोडा. बोटांच्या मधून फिरव."

"फोन ठेवू?"

"तुझं काम होऊ दे. मी आहे."

पाणी हलत राहिलं. मग एक म्हातारा, घोगरा आवाज काहीतरी बोलला.

"काय म्हणतायत?" रॉक्सॅनने विचारलं.

"कळत नाही. मधूनच त्यांच्या भाषेत जातात. पोलिश ना? मघापासून एकच म्हणतायत. येश्चे, येश्चे. दुखतंय का गं त्यांना?"

रॉक्सॅनच्या आजीच्या घरात हा शब्द जेवणाच्या टेबलावर असायचा. कित्येक वर्षांत तिने तो ऐकला नव्हता.

"दुखत नाहीये," ती म्हणाली. "अजून, म्हणतायत. अजून थोडं."